गेलेली नोकरी कुठल्या वहीत सापडते?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या बऱ्याच पत्रांचा सूर एकच आहे : आमच्या भागात माणसं कामावरून जाताहेत, ते सरकारी आकड्यांत दिसतं का? आणि त्या आकड्यांवरून आपल्या भागाच्या रोजगाराची तब्येत ओळखता येते का? त्यातली आठ पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न : मी एका दैनिकासाठी उद्योगाच्या बातम्या करतो. भविष्य निर्वाह निधी संघटनेचं (ईपीएफओ) पत्रक दर महिन्याला येतं. त्यात महाराष्ट्रात सदस्य वाढल्याचं असतं, बहुतेक वेळा राज्य देशात पहिलं असतं. त्याच महिन्यात वाळूजमधल्या दोन-तीन कारखान्यांनी माणसं कमी केलेली मला माहीत असतात. खरं काय मानायचं?
— वार्ताहर, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : दोन्ही खरं आहे. पत्रकातला ठळक आकडा गेलेल्या नोकऱ्यांचा नसतोच, तो निव्वळ वाढीचा असतो. नव्या सदस्यांत एकदा बाहेर पडून परत आलेले सदस्य मिळवायचे आणि बाहेर पडलेले वजा करायचे, असा तो हिशोब. समजा एका औद्योगिक पट्ट्यात ४०,००० पीएफधारक आहेत. महिन्यात १,५०० नवे आले, ७०० परत आले आणि २,००० गेले. निव्वळ वाढ २०० आणि बातमीचा मथळा ‘रोजगार वाढला’. पण महिन्याभरात शंभरातली पाच माणसं कामावरून गेली, हेही त्याच हिशोबात असतं. म्हणून पत्रकाचा पहिला परिच्छेद बाजूला ठेवा आणि तक्त्यातले नवे, परत आलेले, बाहेर पडलेले हे तीन आकडे वेगवेगळे उतरवून घ्या.

त्यातही ‘बाहेर पडलेले’ हा आकडा सगळ्यांत कच्चा. यूएएन (सदस्याचा कायमचा पीएफ क्रमांक) तयार झाला आणि खात्यात वर्गणी जमा झाली, की नवा सदस्य धरला जातो. बाहेर पडलेला मात्र मालकाने एक्झिटची तारीख भरली किंवा माणसाने पैसे काढायला दावा केला, तरच धरला जातो. म्हणजे येणारा आपोआप मोजला जातो आणि जाणारा कोणी नोंदवला तरच. काम गेलेला माणूस पुढच्या कामाच्या आशेवर चार-सहा महिने पीएफला हात लावत नाही, ठेकेदाराला एक्झिट भरायची घाई नसते, आणि तोवर तो आकड्यात कामावरच राहतो. ताजे आकडे गोड दिसतात त्याचं हे मोठं कारण आहे. संघटना स्वतःच त्यांना तात्पुरते म्हणते आणि मागाहून दुरुस्त करते. एखाद्या महिन्याचा पहिला आकडा जपून ठेवा आणि सहा महिन्यांनी त्याच महिन्याचा दुरुस्त आकडा शेजारी ठेवून पाहा.

आणखी दोन गोष्टी. पीएफचा कायदा साधारणपणे २० माणसांपासून लागू होतो. १९ माणसांच्या वर्कशॉपने विसावा माणूस घेतला तर प्रत्यक्षात नोकरी एकच वाढते, पण नवे सदस्य वीसपर्यंत दिसू शकतात. दुसरं, मुंबई-पुण्यात नोंदणी असलेल्या कंपनीची माणसं दुसऱ्या राज्यात राबत असली तरी त्यांची वर्गणी इथल्या कोडवर (आस्थापनेच्या पीएफ नोंदणी क्रमांकावर) भरली जाऊ शकते. ‘देशात पहिला’ हे बिरुद म्हणूनच जपून वापरावं.

तुमच्या कामाचा खरा ऐवज वेगळ्या ठिकाणी आहे. ईपीएफओच्या संकेतस्थळावर आस्थापनेचा शोध घ्यायची सोय सर्वांना खुली आहे. कंपनीचं नाव किंवा कोड टाकला की भरणा-तपशिलात वेतनाचा महिना, भरलेली रक्कम, पैसे जमा झाल्याची तारीख आणि किती कर्मचाऱ्यांसाठी भरणा झाला तो आकडा दिसतो. आपल्या वसाहतीतल्या ३०-४० आस्थापना निवडा. त्यांत मोठ्या कंपन्यांबरोबर त्यांना माणसं पुरवणाऱ्या ठेकेदारांचे कोड हवेतच. कंत्राटी कामगार ठेकेदाराच्या कोडवर असतो, त्यामुळे फक्त कंपनीचा कोड पाहिलात तर सगळ्यांत आधी जाणारी माणसं तुमच्या नजरेतून सुटतात. भरण्याची मुदत पुढच्या महिन्याच्या १५ तारखेची आहे, म्हणून २५ तारखेनंतर पाहा. नोंद वेतनाच्या महिन्याची करा, पैसे जमा झाल्याच्या तारखेची नाही. नाहीतर दोन महिन्यांचा भरणा एकदम झाला की एका महिन्यात सगळे गेले आणि पुढच्या महिन्यात दुप्पट आले असं चित्र तयार होतं. कर्मचाऱ्यांचा आकडा सलग दोन महिने दहा टक्क्यांहून जास्त खाली दिसला तर फोन उचला. एकाच महिन्याच्या घसरणीवर बातमी करू नका, तो उशिरा भरणाही असू शकतो. ठेकेदार बदलला असेल तर जुन्या कोडवरची शंभर माणसं नव्या कोडवर गेलेली असतात, तेही तपासा. ज्या कंपन्यांचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट आहे त्यांचं चित्र इथे अपुरं दिसतं, आणि ₹१५,००० च्या वर पगारावर पहिल्यांदाच लागलेले काही जण सदस्यच नसतात.

प्रश्न : केंद्र सरकारच्या ‘पीएलएफएस’ या श्रमशक्ती सर्वेक्षणात बेरोजगारीचा दर वर्षानुवर्षं घटलेला दिसतो. विद्यार्थी विचारतात, मग काम गेलेली माणसं कुठे गेली? काय सांगायचं?
— अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका, नाशिक

उत्तर : विद्यार्थ्यांना २०१९-२० चा अहवाल उघडून दाखवा. ते सर्वेक्षण जुलै २०१९ ते जून २०२० या काळाचं आहे, म्हणजे कोरोनाच्या टाळेबंदीचे सगळ्यांत कठीण महिने त्यात आहेत. नेहमीच्या स्थितीनुसार बेरोजगारीचा दर त्या वर्षी ५.८ वरून ४.८ टक्क्यांवर आला. महामार्गांवरून माणसं चालत गावी गेली त्या वर्षी बेरोजगारी घटली! त्याच अहवालात शेतीत काम करणाऱ्यांचा वाटा ४२.५ वरून ४५.६ टक्के झालेला आहे. उत्तर तिथे आहे. अंबडमधल्या कारखान्यातून सुटलेला मुलगा दिंडोरीला घरी गेला, वडिलांच्या द्राक्षबागेत उभा राहिला, की तो ‘घरच्या उद्योगातला बिनपगारी मदतनीस’ म्हणून कामावर धरला जातो. पगाराची नोकरी गेली, बेरोजगार मात्र वाढला नाही.

व्याख्याही समजावून सांगाव्या लागतील. नेहमीच्या स्थितीत मागचे ३६५ दिवस पाहतात आणि वर्षात ३० दिवसांचं दुय्यम काम असलं तरी माणूस कामात धरला जातो. चालू साप्ताहिक स्थितीत मागच्या सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास काम केलेलं पुरतं. दोन्ही व्याख्या कामाची उपस्थिती मोजतात, काम गमावणं मोजत नाहीत. म्हणून बेरोजगारीच्या दराबरोबर आणखी दोन रकाने विद्यार्थ्यांकडून भरून घ्या : एकूण कामकऱ्यांत नियमित पगारदार किती आणि बिनपगारी मदतनीस किती. पहिला घसरतोय, दुसरा चढतोय आणि बेरोजगारी स्थिर आहे, तर नोकऱ्या जाताहेत आणि शेती त्यांना पोटाशी घेते आहे.

जानेवारी २०२५ पासून या सर्वेक्षणाची रचना बदलली. पाहणीतली घरं १,०२,४०० च्या आसपास होती, ती २,७२,३०४ झाली. साप्ताहिक स्थितीचे आकडे दर महिन्याला मिळू लागले आणि नमुना निवडताना जिल्हा हा मूळ घटक धरला गेला. हे फार चांगलं झालं. पण यावरून जिल्ह्यांची महिनावार क्रमवारी लावायचा मोह आवरायला हवा. समजा एखाद्या जिल्ह्यात कामकरी किंवा काम शोधणारी २,००० माणसं नमुन्यात आली आणि दर ५ टक्के निघाला. साध्या यादृच्छिक नमुन्यातही तो एक टक्का इकडे-तिकडे असू शकतो. इथे तर एका वस्तीतली अनेक घरं एकत्र घेतात, आणि शेजारी बहुधा एकाच प्रकारचं काम करतात, त्यामुळे ही फरकाची मर्यादा १.२ ते १.३५ पर्यंत सहज जाते. तेव्हा ५ चा ५.८ झाला म्हणून जिल्हा आजारी पडला असं म्हणता येत नाही. चार तिमाह्या एकत्र करा, मग बोला. आणि डिसेंबर २०२४ च्या अलीकडची मालिका पलीकडच्या मालिकेला सरळ जोडू नका, पद्धत बदलली आहे.

प्रश्न : आमच्याकडे ‘काढलं’ असं कोणी म्हणत नाही. ‘ब्रेक दिला’ म्हणतात. सात महिने झाले की ब्रेक. मग कपात झाली की नाही झाली?
— कामगार संघटनेचे कार्यकर्ते, चाकण

उत्तर : माणसाच्या घरी कपातच झाली. कायद्याच्या वहीत नाही. सात महिन्यांचं गणित तुम्हाला ठाऊकच आहे : बारा महिन्यांत २४० दिवस भरले की सलग सेवा धरली जाते, ते भरू द्यायचे नाहीत. मुदतीच्या नेमणुकीची मुदत संपणं ही कायद्याने कामगार कपात ठरत नाही. त्यामुळे मंदी आली की कंपनी कोणालाच काढत नाही, फक्त पुढच्या तुकडीला बोलवत नाही. गेलेल्यांची नोंद शून्य आणि लाइनवरची माणसं तीनशेची दोनशे.

मोजणी करायची तर आधी शब्द वेगळे करा. ले-ऑफ म्हणजे कच्चा माल, वीज, ऑर्डर अशा कारणाने मालक काही काळ काम देऊ शकत नाही. माणसाचं नाव मस्टरवर राहतं, पात्र कामगाराला मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळते. आयटीवाले ज्याला ‘लेऑफ’ म्हणतात तो हा नव्हे. तिथे माणूस कायमचा जातो, आणि बहुतेकदा त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतलेला असल्यामुळे तो स्वेच्छेने गेलेल्यांत जमा होतो. कामगार कपात म्हणजे शिक्षा म्हणून नव्हे तर अन्य कारणाने सेवा संपवणं. तिला नोटीस आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार ही भरपाई आहे. टाळेबंदी (लॉकआउट) हे वादातलं मालकाचं हत्यार आहे, तिच्यात नोकरी संपत नाही. क्लोजर म्हणजे कायमचं कुलूप. आणि स्वेच्छानिवृत्ती नावाला स्वेच्छेची असली तरी मोजणीत तिचा रकाना वेगळाच ठेवावा.

सरकारी परवानगीच्या अर्जांवरून मोजायचं तर त्या खिडकीची रुंदी कमी झाली आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या पाच-ब प्रकरणाखाली १०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला ले-ऑफ, कपात, क्लोजरसाठी आधी परवानगी लागायची. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, आणि तिच्यात ही मर्यादा ३०० आहे. तेव्हा यापुढे अर्ज कमी आले म्हणून कपात कमी झाली असा निष्कर्ष कोणी काढला तर त्याला हे ऐकवा. संहितेत एक नवी गोष्ट मात्र मोजणीच्या उपयोगाची आहे : कपात झालेल्या प्रत्येक कामगारासाठी मालकाने शेवटच्या पगाराच्या हिशोबाने १५ दिवसांचं वेतन पुनर्कौशल्य निधीत भरायचं आहे. तुमच्या भागातून त्या निधीत किती नावांचा भरणा झाला, हे माहितीच्या अधिकारात विचारता येईल.

नाव वहीत नसलं की माणूस मोजणीतून सुटतो, हे आपल्याला नवं नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि त्यांत मोठा भाग बदली कामगारांचा होता. कायम कामगाराचा हिशोब निदान कागदावर मागता तरी येत होता. रोज गेटवर उभं राहून कोणी गैरहजर असला तरच आत जाणाऱ्या बदलीवाल्याची नोकरी नेमकी कुठल्या दिवशी गेली, हे कुठल्या कागदावर शोधणार? चाकणचा ट्रेनी, टेम्पररी आणि कंत्राटी कामगार आज त्याच जागी उभा आहे. तुमच्या संघटनेने महिन्याला एकच कागद ठेवला तरी पुष्कळ होईल : कंपनी, लाइन, पाळी, महिन्याच्या सुरुवातीची माणसं, ब्रेक मिळालेली, त्यांच्या जागी आलेली. ब्रेक मिळालेले वजा जागी आलेले, हीच तुमची खरी कपात.

प्रश्न : इचलकरंजीत पीएफ असलेला यंत्रमाग कामगार शोधावा लागतो. आम्हाला महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी नोकऱ्या किती गेल्या ते मोजायचं आहे. कुठून सुरुवात करू?
— विद्यार्थ्यांचा गट, इचलकरंजी

उत्तर : इथे सरकारी आकड्यांची वाट न पाहता स्वतः मोजायला लागणं उत्तम. काम कष्टाचं आहे, पण चार मुलांना जमण्यासारखं आहे.

आधी एका भागातल्या सगळ्या शेडची गल्लीवार यादी करा, बंद शेडसुद्धा. १५० निघाल्या तर चिठ्ठीने पहिली ठरवा आणि पुढे दर पाचवी घ्या, म्हणजे ३० होतील. ओळखीच्या मालकांच्या शेड घेऊ नका. ओळखीचे मालक बहुधा तगलेले असतात. मग दर महिन्याला ठरलेल्या आठवड्यात, आठवडी सुट्टी आणि पगाराचा दिवस टाळून, त्याच ३० शेडमध्ये जा. प्रत्येक शेडमध्ये विचारायचं : माग किती, चालू किती, पाळ्या किती आणि किती तासांच्या, एका कामगाराकडे किती माग, कांडीवाले (सूत कांडीवर भरणारे), जॉबर (माग दुरुस्त करणारे) आणि दिवाणजी (हिशोब पाहणारे) किती, मागच्या भेटीनंतर कोण गेलं, का गेलं, कोण आलं. मालकाला विचाराल तेच दिवाणजीला किंवा कामगाराला वेगळं विचारा, उत्तरं जुळत नाहीत तेव्हा दोन्ही लिहा.

सगळ्यांत मोठी चूक दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात होते. एक शेड बंद सापडते, आणि मुलं तिच्या जागी शेजारची चालू शेड घेतात. असं केलंत की जे मोजायला निघालात तेच पुसलं गेलं. बंद शेड यादीत राहिलीच पाहिजे, तिच्यासमोर शून्य लिहायचं. आणि तिच्यातले माग उभे आहेत की भंगारात गेले, हे जरूर नोंदवा. माग उभे असतील तर सूत-कापडाचा भाव सुधारल्यावर ती माणसं परत येऊ शकतात. माग किलोवर विकले गेले की ती नोकरी त्या गल्लीतून कायमची गेली.

दुसरं म्हणजे इचलकरंजीत काम एकदम जात नाही, झिजत जातं. खर्चीवाल्याकडे (व्यापाऱ्याच्या सुताचं कापड मजुरीवर विणून देणाऱ्याकडे) व्यापाऱ्याने भीम (सूत गुंडाळलेले रूळ) कमी टाकले की आधी रात्रपाळी बंद होते, मग आठवड्याचे सहा दिवस चार होतात, मग एकाच कामगाराकडे जास्त माग दिले जातात. मजुरी पिकावर (विणलेल्या आडव्या धाग्यांवर) आणि मीटरवर असल्यामुळे कामगार ‘कामावर’ असतो, पण हातात येणारा पैसा निम्मा होतो. म्हणून माणसांबरोबर पाळ्या मोजा. समजा ३० शेडमध्ये २४० कामगार आहेत आणि आठवड्याला सहा दिवस काम आहे, म्हणजे १,४४० माणूस-पाळ्या. त्यातले १२ जण काढले गेले, तर नोकरी गेल्याचा दर ५ टक्के. शिवाय ४० जणांचं काम सहा दिवसांवरून चार दिवसांवर आलं, तर ८० पाळ्या गेल्या. त्या जवळजवळ १३ पूर्णवेळ माणसांच्या कामाइतक्या होतात. म्हणजे न दिसणारी घट दिसणाऱ्या घटीपेक्षा मोठी निघाली. अहवालात दोन्ही आकडे वेगळे द्या, एकत्र करून एकच टक्केवारी बनवू नका.

विजेच्या बिलावरून अंदाज घेण्याचा मार्ग तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. साध्या मागांच्या शेडपुरता तो बरा आहे. पण साधे माग काढून रॅपियर किंवा एअरजेट असे वेगवान माग बसवले की युनिट वाढतात आणि माणसं घटतात, तिथे हे बिल उलटी दिशा दाखवतं. आपल्या यादीत कुठल्या शेडने यंत्रं बदलली ते लिहून ठेवा.

दिवाळी, होळी, लग्नसराई आणि मे महिना यांत परगावची माणसं घरी जातात. ऑक्टोबरची तुलना सप्टेंबरशी करू नका, मागच्या वर्षीच्या दिवाळीच्या महिन्याशी करा. पहिल्या वर्षी अशी तुलना करताच येणार नाही, हे प्रकल्पात स्पष्ट लिहा. आणि तीसपैकी एक शेड ४० माणसांची असेल तर तिच्या एकटीच्या चढउताराने सरासरी हलते. म्हणून सरासरीबरोबर शेडवार घट क्रमाने लावून मधली शेड कितीवर आहे तेही सांगा.

प्रश्न : राज्य सरकारच्या महास्वयं पोर्टलवर जिल्ह्यात नाव नोंदवलेले उमेदवार हा बेरोजगारांचा आकडा धरता येईल का?
— स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, लातूर

उत्तर : नाही. नोकरीत असलेलेही चांगल्या नोकरीसाठी नाव नोंदवतात, काम मिळालेले नाव काढत नाहीत, आणि काम गेलेले बहुतेक जण नोंदवतच नाहीत. सेवायोजन कार्यालयाकडचा उपयोगी कागद वेगळा होता. १९५९ च्या रिक्त पदं अधिसूचित करण्याच्या कायद्याखाली आस्थापना जो तिमाही ईआर-१ अर्ज भरत, त्यात तिमाहीच्या सुरुवातीचे आणि शेवटचे कर्मचारी लिहायचे असत, आणि फरक ५ टक्क्यांहून जास्त असला तर कारणही. जुन्या वर्षांचा अभ्यास करायचा असेल तर तो मागवा. मात्र अर्ज न भरणाऱ्या आस्थापना पुष्कळ असत, म्हणून दोन्ही तिमाह्यांत अर्ज भरलेल्या आस्थापनांचीच तुलना करा.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. कंपन्यांच्या ‘वॉर्न’ नोटिसा राज्याच्या संकेतस्थळावर येतात. इथल्या रोजगाराचा अंदाज त्यावरून घेता येईल का?
— वाचक, एडिसन

उत्तर : काही प्रमाणात. १९८८ चा अमेरिकेचा हा केंद्रीय कायदा साधारण १०० किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या मालकाला मोठ्या कपातीआधी ६० दिवसांची नोटीस द्यायला लावतो. न्यू जर्सीने १० एप्रिल २०२३ पासून तो काळ ९० दिवस केला आणि पूर्ण वर्षामागे एका आठवड्याचा पगार सक्तीचा केला. त्यामुळे यादीत जे दिसतं ते पुढे होणारं असतं, हा तिचा फायदा. चूक होते ती नोटिशीच्या तारखेवर बेरीज केली की. कपात लागू होण्याची तारीख घ्या, दुरुस्त्या आणि रद्द झालेल्या नोटिसा वगळा. छोट्या कंपन्यांची कपात आणि दहा-वीसच्या तुकड्यांनी केलेली कपात तिथे येतच नाही.

तिच्या जोडीला बेकारी भत्त्याचे नवे दावे पाहा. दर गुरुवारी ते प्रसिद्ध होतात, राज्यवार असतात. चार आठवड्यांची सरासरी काढा आणि मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्यांशी ताडून पाहा, कारण शाळांच्या सुट्ट्या आणि हवामान यांमुळे आकडे दरवर्षी ठरावीक वेळी उसळतात. ४ एप्रिल २०२० ला संपलेल्या आठवड्यात देशभरात साठ लाखांहून जास्त दावे आले होते. इतर कुठल्याही सरकारी आकड्याने तो आघात इतक्या लवकर दाखवला नव्हता. मोठ्या कपातींची स्वतंत्र केंद्रीय मालिका पूर्वी होती : एकाच मालकाविरुद्ध सलग पाच आठवड्यांत ५० दावे आले की एक घटना धरायची. खर्चकपातीत ती २०१३ मध्ये बंद झाली. फार उपयोगी मालिका होती ती.

आपल्या लोकांपुरती एक गोष्ट ध्यानात ठेवा. एच-१बी व्हिसावरच्या माणसाला नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते. तेवढ्यात नवी नोकरी लागली नाही आणि तो पुण्याला परतला, तर अमेरिकेतल्या बेरोजगारांत तो मोजला जात नाही. भारतातही नोकरी गेलेला म्हणून कोणी त्याची नोंद घेत नाही.

प्रश्न : मला एकच आकडा सांगा, ज्याच्यावरून आमच्या वसाहतीची तब्येत कळेल.
— लघुउद्योजक, बुटीबोरी

उत्तर : एकच हवा असेल तर हा घ्या : काम गेलेल्या शंभर माणसांपैकी तीन महिन्यांत किती जणांना त्याच भागात, आधीच्या पगाराच्या निदान नव्वद टक्क्यांवर काम मिळालं. नुसत्या गेलेल्या नोकऱ्यांच्या आकड्यावरून निदान होत नाही. जिथे माणसं स्वतः नोकरी सोडून शेजारच्या कंपनीत जास्त पगारावर जातात तिथे बाहेर पडणाऱ्यांचा आकडा मोठाच असणार, आणि ते चांगलं लक्षण आहे. उलट जिथे कोणी हलत नाही, कारण हललं तर दुसरीकडे दार उघडं नाही, तिथे तो आकडा लहान असतो आणि भाग आतून खंगलेला असतो. म्हणून ‘सोडून गेले’ आणि ‘काढले गेले’ हे कधीच एकत्र करू नयेत. अमेरिकेच्या मासिक पाहणीत हे दोन रकाने २००० सालापासून वेगळे आहेत. मंदीत काढले गेलेले वाढतात आणि त्याच वेळी सोडून जाणारे घटतात, त्यामुळे दोघांच्या बेरजेत हा बदल पुष्कळदा झाकला जातो. आपल्याकडे पीएफच्या एक्झिटमध्ये निवृत्त, मृत, सोडून गेलेले, काढलेले सगळे एकाच बेरजेत येतात.

तुमच्या संघटनेच्या सदस्य-कारखान्यांनी वर्षातून दोनदा, बाहेर पडलेल्या माणसांना तीन महिन्यांनी एक फोन करायचा ठरवलं तरी हा आकडा मिळेल. तुलना करताना मात्र टक्केवारीच घ्या. ४०,००० नोकऱ्यांच्या पट्ट्यातून ८०० गेल्या तर २ टक्के, ६,००० च्या वसाहतीतून ३०० गेल्या तर ५ टक्के. पेपरात पहिली बातमी मोठी छापली जाते, हाल दुसरीकडे जास्त असतात.

प्रश्न : मला ब्रेक मिळून पाच महिने झाले. पीएफच्या खात्यावर एक्झिटची तारीखच नाही. ठेकेदार फोन उचलत नाही. म्हणजे आकड्यात मी अजून कामावर आहे का?
— कामगार, रांजणगाव

उत्तर : बहुधा हो, आणि आकड्यापेक्षा तुमचं स्वतःचं नुकसान जास्त आहे. तारखेशिवाय खातं पुढच्या कंपनीकडे वळवताना किंवा पैसे काढताना अडतं. जानेवारी २०२० पासून ही तारीख सदस्याला स्वतः भरता येते. शेवटची वर्गणी जमा झाल्यापासून दोन महिने उलटलेले हवेत, ते तुमचे झाले आहेत. आधारशी जोडलेला मोबाइल जवळ ठेवा. यूएएन पोर्टलवर लॉगइन करून ‘मॅनेज’मध्ये ‘मार्क एक्झिट’ निवडा, त्या ठेकेदाराचा पीएफ क्रमांक निवडा, कारण आणि तारीख भरा, ओटीपी टाका. तारीख शेवटची वर्गणी ज्या महिन्याची आहे त्या महिन्यातलीच चालते, म्हणून आधी पासबुक उघडून तो महिना पाहून घ्या. ठेकेदाराने शेवटच्या महिन्याची वर्गणी कापूनही भरली नसेल तर आधी प्रादेशिक कार्यालयात किंवा संघटनेच्या तक्रार पोर्टलवर तक्रार करा आणि पगाराची स्लिप जोडा. एकदा भरलेली तारीख स्वतःहून बदलता येत नाही. पुढची नोकरी लागली असेल तर तिथली रुजू तारीख या तारखेच्या आधीची निघणार नाही, एवढं पाहून मगच बटण दाबा.